वेबसाइटवर पहिला बैल

सातवीच्या पोरांनी गावाच्या इतिहासाची वेबसाइट करायची, विषय ज्याचा त्यानं निवडायचा, असं मनवाबाईंनी वर्गात सांगितलं आणि आपल्या हातानं पायावर धोंडा पाडून घेतला. निम्मी पोरं आबासाहेबांच्या भावकीतली, निम्मी आप्पासाहेबांच्या. मोकळीक मिळताच साऱ्यांनी एकच विषय धरला: पोळ्याला वेशीतून पहिला बैल कुणाचा?

हा मान दोन्ही घरं पिढ्यानपिढ्या सांगत होती. एका साली दोघांचे बैल एकदमच घुसले, वेशीत अडकले, आणि ते सुटेपर्यंत वेसच पडली. ती पुन्हा कुणी बांधली नाही. मान मात्र शाबूत होता.

महिनाभरानं वेबसाइट तयार झाली; दुसऱ्या दिवशी उद्घाटनाला केंद्रप्रमुख यायचे होते. मांडीवर पेंगणाऱ्या लेकीला एका हातानं थोपटत बाई दुसऱ्या हातानं पानं जुळवत होत्या, तोच आबासाहेब आले.

"बाई, उघडल्या उघडल्या आप्पाचा बैल दिसतोय म्हनं."

"कुणाचा तरी आधी येणारच ना, आबासाहेब."

"मंग आमचा येऊ द्या. न्हाईतर उद्या आमची पोरं शाळंत येनार न्हाईत. त्यांची पानंबी काढून टाका."

पोरं महिनाभर घरोघर हिंडली होती. ती मेहनत वाया जाऊ नये म्हणून बाईंनी आबासाहेबांचा बैल वर घेतला. थोड्या वेळानं आप्पासाहेब आले आणि तेच म्हणाले, फक्त मोठ्यानं.

बाईंनी दोन्ही फोटो आळीपाळीनं फिरते ठेवले. गाव पारावर मोबाईल घेऊन बसलं.

"आप्पाचा जास्त थांबतोय!"

"तुमचा बैल पळपुटा, त्याला आमी काय करू?"

शेजारी-शेजारी ठेवले, तर डावा आधी की उजवा, यावर जुंपली. एकावर एक ठेवले, तर आठ पायांचं जनावर तयार झालं. त्याला दोघांनीही दावणीला घेतलं नाही.

उद्घाटनाला दोघंही फेटे बांधून, आपापली पोरं मागं उभी करून आले. केंद्रप्रमुखांनी बटण दाबलं आणि रेंज गेली. पांढऱ्या पडद्यावर नुसतं एक चाक गरगरत राहिलं.

"ह्ये कुनाचं?" आबासाहेबांनी विचारलं.

"कुणाचंच नाही हो," बाई रडवेल्या झाल्या. "नुसतं चाक आहे."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"मंग ऱ्हाऊ द्या की," आप्पासाहेब म्हणाले.

"व्हय. लई शोभतंय," आबासाहेबांनी मान डोलावली आणि नारळ फोडला.

बाईंनी त्याच चाकाचं चित्र कायमचं पुढं बसवलं. मागं सगळ्या पोरांची पानं, एकही न गळता.

पंधरा दिवसांनी पोळा आला. गावानं एकमतानं एक टायर धुतला, त्याला कुंकू लावलं, आणि सातवीतल्या निकितानं काठीनं तो मिरवणुकीच्या पुढं पळवला. मागं दोन्ही बैल खांद्याला खांदा लावून. लेकीला कडेवर घेऊन बघताना बाईंचे डोळे भरून आले.

इतक्यात आबासाहेबांनी कासरा ओढला.

"आप्पा, पन ह्यो टायर कुनाच्या टेम्पोचा रं?"

मिरवणूक जागच्या जागी थांबली. टायर तेवढा उतारानं पुढं निघून गेला.