तांडेलकाकांचं पाचवं गाणं

आमच्या शेजारचे तांडेलकाका गाण्यात खोकतात. गाताना नव्हे, ते गात नाहीत. कुणी त्यांच्याकडे एखाद्या दुर्मिळ तमिळ गाण्याची कॉपी मागितली, की ते जुन्या टेपवर मूळ कॅसेट लावतात, मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू करतात आणि दुसऱ्या कडव्याच्या आधी, बासरी चालू असताना, मोबाइलजवळ तोंड नेऊन एकदा स्वच्छ खोकतात. मग तीच कॉपी पाठवतात. मूळ गाणं बिनखोकल्याचं त्यांच्या कपाटात राहतं.

ही त्यांची मोहोर आहे. गाणी जमवणाऱ्यांच्या जगात सगळेच असं काहीतरी करतात म्हणे. कुणी शेवटचं कडवं कापतो, कुणी मधेच स्वतःचं नाव सांगतो. गाणं द्यायचं तर असतं, पण पुरतं द्यायचं नसतं. एकदा बंगळुरूच्या कुणीतरी एका ग्रुपवर 'अतिदुर्मिळ, फक्त माझ्याकडे' असं लिहून गाणं टाकलं आणि बासरीच्या जागी काकांचा खोकला आला. मला वाटलं, आता काका भडकणार. त्यांनी ते दोनदा ऐकलं आणि म्हणाले, "खोकला बरा आलाय. गाणं बिघडवलं मेल्यानं."

मीरा रोडला बेव्हर्ली पार्कात आमची आणि त्यांची दारं पॅसेजच्या टोकाला समोरासमोर आहेत आणि पॅसेज संपतो तिथून पुढे हॉलची एक भिंत सामाईक आहे. ही भिंत मला मान्य नाही. कारण रोज संध्याकाळी माझे बाबा त्या भिंतीपलीकडे, एकट्याच राहणाऱ्या काकांकडे, जाऊन बसतात आणि हसतात.

बाबा घरी हसत नाहीत असं नाही. पण माझ्याशी त्यांची तीन वाक्यं ठरलेली आहेत : आलीस? जेवलीस? गॅस बंद केलास? मीही फार बोलणारी नाही, त्यामुळे 'हो' म्हणून तिन्ही निकालात काढते. मग बाबा चपला घालतात, समोर जातात आणि थोड्याच वेळात भिंतीतून त्यांचा तो मोकळा, खाली घसरत जाणारा हसण्याचा आवाज येतो. एवढा विनोद त्या घरात काय असतो? ना काकांना तमिळ येतं, ना बाबांना. आई भाजी निवडता निवडता म्हणते, "गेले तुझे बाबा मद्रासला." मी हेडफोन लावते. तरी ऐकू येतंच.

तांडेलकाका मूळचे उत्तनजवळच्या चौक गावचे. घरच्या होड्या, भाऊ अजून समुद्रावर जातात. आडनाव तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, आणि ह्यांना होडीत पाय ठेवला की उलटी. पहिल्यांदा समुद्रावर नेलं तेव्हा वडिलांनी अर्ध्यातून होडी वळवली. गावात अजून ती गोष्ट सांगतात. मग काका शिकले, एका जहाज कंपनीच्या ऑफिसात चिकटले. कंपनीने जहाजावर पाठवलं नाही, पण मद्रासला पाठवलं.

तिथे ते एका कॅसेटच्या दुकानावरच्या खोलीत राहायचे. दुकानदार दिवसभर एकाच नव्या सिनेमाची कॅसेट वाजवायचा. सिनेमा यायचा होता. पोस्टरं लागली होती, गाणी बाजारात आली होती. मग हिरो आणि निर्माता भांडले आणि सिनेमा डब्यातच राहिला. उरलेल्या कॅसेटी परत गेल्या, त्यांच्यावर दुसरंच काहीतरी भरून विकलं गेलं. सिनेमात पाच गाणी होती. चार काकांनी मिळवली. पाचवं मिळत नव्हतं. त्या सिनेमाचं नाव मी इथे लिहिणार नाही, कारण काकांनी मला शपथ घातली आहे. नाव फुटलं की भाव वाढतो आणि चोर जागे होतात. आम्ही त्याला 'आपला सिनेमा' म्हणतो.

पाचव्याच गाण्याचा एवढा ध्यास का, असं मी एकदा विचारलं होतं. काका एरवी ऑफिसातलं नीटनेटकं मराठी बोलतात, पण विषय लागला की चौक गाव वर येतं. "ते दुकान बंद करतानाचं गाणं, बाय. ते लागलं की मागोमाग शटर. मग सकाळपर्यंत बोलायला कुनी न्हाय." एवढं सांगून ते गाण्याची सुरुवातीची धून तोंडाने वाजवून दाखवायला लागले. ती धून त्यांनी वॉचमनलासुद्धा वाजवून दाखवली आहे. वॉचमन म्हणाला, "साब, ये तो हर गाने में होता है."

तमिळ ते शिकले नाहीत, मुद्दामच. त्यांचं म्हणणं, कळलेलं गाणं अर्धं मेलेलं असतं. तरी गाण्यांतून काही शब्द त्यांच्या अंगाला चिकटले आहेत : चंद्र, वारा, मोगरा, हरिण, विरह. सकाळी सायकलवर भोंगा वाजवत इडलीवाला अण्णा येतो, तेव्हा काका खाली जाऊन त्याच्याशी एवढ्याच भांडवलावर तमिळ बोलतात. अण्णा शांतपणे ऐकून घेतो आणि विचारतो, "सेठ, चटणी लाल के सफेद?" चटणीला कुठल्याच गाण्यात जागा नसल्यामुळे काका तिथे अडकतात.

हे सगळं पाहून मला हसू यायचं, आणि त्याच्या खाली हेवा असायचा. बाबा तिथे जातात म्हणून तर होताच. पण असा एखादा माणूस एका गाण्यासाठी आयुष्यभर जागा राहतो आणि मला आजवर कुठल्याच गोष्टीसाठी असं झालेलं नाही, याचाही होता. मी एका कंपनीच्या ग्राहकांना चॅटवर इंग्रजीत उत्तरं लिहिते. मुख्यतः माफी मागते. यात जागं राहायला लागतं ते शिफ्टमुळे.

या माफीमुळेच मी त्या भानगडीत ओढली गेले.

पाचवं गाणं चेन्नईच्या राघवन नावाच्या निवृत्त गृहस्थांकडे आहे असं बऱ्याच शोधानंतर कळलं. काकांची आणि त्यांची फोनवरची ओळख जुनी होती, इंग्रजीतून बोलायचे, गाण्यांची देवाणघेवाण चालायची. पण हे गाणं आपल्याजवळ आहे, हे राघवन इतकी वर्षं बोलले नव्हते. माणूस एकदम कडक. कोइमतूरच्या एका संग्राहकाने कॅसेट कुठून आणली याबद्दल एक थाप मारली, तर त्याला जन्माचं तोडून टाकलं. खोटं बोलणाऱ्याच्या हातात गाणं देत नाही, असं ते म्हणायचे. तर अशा माणसाला खूश करायला काकांनी भेट पाठवायचं ठरवलं. चौक गावात आपल्या माणसाला द्यायची सगळ्यात मोठी भेट म्हणजे सोडे. सोललेली, उन्हात वाळवलेली कोलंबी. भावाकडून त्यांनी उत्तमातले सोडे आणले.

बाबा डबा बांधायला मदत करत होते. कागद, दोरी, चिकटपट्टी, वर पुन्हा कागद. माझ्या शाळेच्या वह्यांना त्यांनी कधी कव्हर घातलं नव्हतं. मी दारात उभी राहून म्हटलं, राघवन शाकाहारी आहेत ना?

काका माझ्याकडे कीव आल्यासारखं बघत म्हणाले, "शाकाहारी हाय, ठावं हाय. म्हनून तर सुकं पाठवतोय. ताजी मासळी कोन पाठवील?"

बाबांनी मान डोलावली. इतकी शिकलेली दोन माणसं. डबा गेला.

तो राघवन यांच्या घरी देवपूजेच्या वेळी पोचला आणि त्यांच्या बायकोने प्रसाद समजून देवासमोर उघडला. त्यानंतर राघवन यांनी काकांचा फोन घेणं बंद केलं. काकांचं जेवण कमी झालं. भिंतीतून हसू यायचं थांबलं, आणि मला अपेक्षेप्रमाणे आनंद झाला नाही. बाबा घरी बसायचे, टीव्ही बघायचे आणि मला विचारायचे : गॅस बंद केलास?

शेवटी बाबाच मला म्हणाले, "तू ऑफिसात माफ्या लिहितेस ना? एक त्याच्यासाठी लिही."

मी लिहिलं. काका मजकूर सांगत होते तो सगळा सोडे किती महाग असतात यावर होता. तो मी वगळला. आमच्या गावाकडे ही वस्तू फक्त घरच्या माणसाला देतात, आणि यांनी तुम्हाला घरचं मानलं एवढीच त्यांची चूक, असं साध्या इंग्रजीत लिहून पाठवलं. उत्तर आलं : हे जिने लिहिलं तिच्याशी बोलायचं आहे.

फोनवर बोलणं मी टाळतेच. पण सुट्टीचा दिवस होता, सबब नव्हती. काकांनी टेबलावर नॅपकिनची घडी ठेवून तिच्यावर मोबाइल ठेवला, स्पीकर लावला. बाबा त्यांच्या नेहमीच्या वेताच्या खुर्चीत बसले होते, पाय हलवत. काका माझ्या मागे टेपजवळ उभे राहिले.

राघवन यांचा आवाज अगदी शिक्षकासारखा होता. इंग्रजीही जुनं, इस्त्रीचं. त्यांनी माझं नाव विचारलं नाही. ते त्यांना माहीत होतं. म्हणाले, "शेवटी मुलीशी बोलणं झालं म्हणायचं."

मला वाटलं, 'मुलगी' म्हणजे कुठलीही मुलगी. पण ते पुढे बोलत राहिले. परीक्षेच्या हॉलमध्ये मी चक्कर येऊन पडले होते, ते आता पूर्ण बरं आहे ना? पहिल्या नोकरीच्या मुलाखतीच्या दिवशी त्यांनी गल्लीतल्या गणपतीसमोर दिवा लावला होता, वडिलांनी तसं सांगितलं होतं म्हणून. उशिराच्या शिफ्टला कंपनीची गाडी दारापर्यंत सोडते की गेटपाशी? वडिलांना त्याची काळजी असते. "तुझे वडील गाण्यासाठी फोन करतात," राघवन म्हणाले, "आणि अर्धा वेळ गाण्याचं नाव नसतं. मुलीबद्दल असं बोलणारा माणूस वाईट हेतूने मासे पाठवणार नाही, असं माझी बायको म्हणते. कसे आहेत ते?"

बाबांचा पाय हलायचा थांबला.

मी वळून बघितलं. काका कापसाच्या बोळ्याने टेपचं हेड पुसत होते. ते आधीच लखलखीत होतं. मान वर करत नव्हते. कानांच्या पाळ्या मात्र लाल झाल्या होत्या. इतकी वर्षं मी समजत होते की या माणसाने माझं काहीतरी नेलं आहे, आणि नेलं होतंच, पण मला वाटत होतं ते नव्हे. आता मी 'ते माझे शेजारी आहेत' एवढं म्हटलं की राघवन फोन ठेवणार होते आणि पाचवं गाणं चेन्नईतच राहणार होतं. म्हणायला हरकत काहीच नव्हती. ते खरंच होतं, आणि माझे खरे वडील चार फुटांवर बसून माझ्याकडे बघत होते.

तमिळमध्ये वडिलांना म्हणतात तसं मी म्हटलं, "अप्पा बरे आहेत. टेपचं हेड पुसताहेत."

राघवन हसले आणि म्हणाले, पाठवतो.

गाणं आलं. काकांनी ते उभ्यानेच ऐकलं. एका बाईचा आवाज, मागे व्हायोलिन, चाल जराशी घाईची. खरं सांगायचं तर आधीची चारही याहून चांगली आहेत. ते संपलं तेव्हा काकांनी मोबाइल पुन्हा नॅपकिनवर ठेवला.

"छोटं हाय," ते म्हणाले. "माझ्या डोक्यात मोठं होतं."

मग माझ्याकडे न बघता कापसाचा बोळा खिशात घालत म्हणाले, "बाय, घरच्या मानसांचं सांगितल्याबिगर तो मानूस विश्वास ठेवत न्हाय. गान्यापायी बोललो."

मी मान हलवली. मी चक्कर येऊन पडले होते कॉलेजात असताना. पाचवं गाणं राघवन यांच्याकडे आहे हे तेव्हा काकांना माहीतसुद्धा नव्हतं. हे बाबांनाही कळलं असणार, हिशेबात ते पक्के आहेत. पण ते उठले, "चल" म्हणाले, आणि आम्ही घरी आलो.

मला वाटलं, आता पलीकडे तेच गाणं दिवसभर वाजणार. भिंत गप्पच राहिली. बाबांनी टीव्ही लावला, बंद केला. पेपर उघडला. स्वयंपाकघरातून मसाल्याचा वास येत होता. आईने भरली वांगी केली होती, बाबांना आवडतात म्हणून. पेपराच्या आडून बाबा म्हणाले, "त्याला जेवायला बोलाव."

मी समोर गेले. बाबाही माझ्या मागून आमच्या दारापर्यंत आले, उंबऱ्यात थांबले. काकांनी दार उघडलं. मी म्हटलं, जेवायला बोलावलंय.

"काय केलंय?"

"भरली वांगी."

काकांच्या कपाळाला आठी पडली. "मग तू काय खानार?"

मी लहानपणापासून वांगं खात नाही. आई न बोलता माझ्या ताटात आमटी जास्त वाढते, आणि हा विषय आमच्या घरात कधी निघालेला नाही. मी मागे बघितलं. उंबऱ्यात उभ्या असलेल्या बाबांच्या चेहऱ्यावर जे आलं होतं, ते मी लगेच ओळखलं. त्या भिंतीच्या अलीकडे बसून मी ते पुष्कळ दिवस बाळगलं होतं.

"थांब," म्हणत काका आत गेले, फ्रिज उघडल्याचा आवाज आला, आणि ते दोन अंडी हातात घेऊन, दार ओढून, आमच्याकडे जेवायला आले.