फागू मार्करचा कलेक्टर बॉल

आमच्या आई-बाबांचं भांडण लागलं की त्याचा स्कोर फागू मार्कर सांगायचा.

बाबांच्या रॅकेटची तात तपासत तो व्हरांड्याच्या पायरीवर बसलेला असे. आतून आईचा आवाज येई, "चार दिवस झाले सांगतेय, पाहुणे यायचेत. तुम्हाला दवाखान्याशिवाय काही सुचतच नाही." फागू मान खाली घालूनच पुटपुटे, "फिप्टीन-लव, बाईसाहेब." बाबा काहीतरी लंगडं उत्तर देत. "फिप्टीन-आल." मग आई तिच्या भावाच्या लग्नात बाबा कसे उशिरा पोहोचले होते ते काढी. फागू रॅकेट बाजूला ठेवून उठे. "चला जी, गेम बाईसाहेब. डॉक्टरसाहेबाची सर्व्हिस आता उद्या."

बाजारातल्या घासाघिशीला, कुत्र्यांच्या मारामारीला, पोळ्याच्या बैलांच्या शर्यतीला, सगळ्याला त्याच्याकडे स्कोर होता. एकदा त्याला हिवताप आला. बाबांनी नाडी पाहून विचारलं, "काय फागू, कसं वाटतंय?" तो दात वाजवत म्हणाला, "डूस हाय जी. कोनाकडेबी जाऊ शकते."

रेवा, निखिल, परवा फोनवर तुम्ही दोघं सांगत होतात की टीव्हीवरच्या मॅचमध्ये हरणाऱ्या खेळाडूनं रॅकेट आपटून मोडली. "आजी, त्यांच्यावर किती दडपण असतं!" असं रेवा म्हणाली. असेलच. पण रॅकेट मोडलेली फागूला दिसली असती तर तो दोन दिवस जेवला नसता. म्हणून ठरवलं की तुम्हाला फागूबद्दल नीट, पहिल्यापासून लिहावं.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होतं. रेल्वे वसाहतीच्या टोकाला साहेब लोकांचा एक क्लब होता आणि त्याला एक टेनिस कोर्ट. फागू त्या क्लबाचा मार्कर, म्हणजे पगारी खेळाडू. साहेबाला जोडीदार मिळाला नाही की मार्करनं खेळायचं, नवशिक्याला मार्करनं शिकवायचं, कोर्ट मार्करनं राखायचं. तुम्ही ज्यांना प्रोफेशनल म्हणता ते त्या काळी आमच्याकडे हेच.

माझे बाबा डॉक्टर, म्हणून त्यांना क्लबात प्रवेश होता. मला सकाळी साहेब लोक यायच्या आत तासभर खेळायची मुभा होती. मी तेव्हा बारा वर्षांची. फागू मला बेबीबाई म्हणायचा.

तो मूळचा जंगलातल्या बोदलकसा गावाकडचा. उंच, वाळका, पाय बगळ्यासारखे. अंगात साहेबाचा जुना पांढरा कोट, खाली खाकी अर्धी चड्डी, आणि पाय अनवाणी. एका साहेबानं जाताना त्याला कॅनव्हासचे बूट दिले होते. ते झोपडीत खुंटीला टांगलेले असत आणि दसऱ्याला रॅकेटीबरोबर त्यांचीही पूजा होई. पायात मात्र कधी घातले नाहीत. "बुटानं कोर्टाले दुखते," तो म्हणायचा.

कोर्ट हा त्याचा संसार होता. बायको लग्नानंतर दोन वर्षांतच तापानं गेली, मूलबाळ नाही. झोपडी कोर्टाच्या मागेच. वारुळाची माती आणून, तिच्यात धानाचं तणस कुटून, वरून शेणाचा हात देऊन तो जमीन अशी करी की बॉल तिच्यावर पडला की टाळी वाजल्यासारखा आवाज यावा. आणि खेळ संपला रे संपला की हा झाडू घेऊन हजर. कोणाच्या पावलाची खूण म्हणून कोर्टावर राहू द्यायचा नाही. एकदा कलेक्टरसाहेब जाळीपाशी उभे राहून कुणाशी बोलत होते, तर यानं त्यांच्या बुटांभोवतीनं झाडून घेतलं. "पाटी पुसल्याबिगर दुसरी बेरीज कशी मांडाची?" हे त्याचं म्हणणं.

पण फागूची खरी कारागिरी वेगळीच होती. तो हरण्यात पटाईत होता.

मार्करला साहेबाला हरवता येत नसे. पण सरळ हरलं तरी साहेब चिडे, कारण त्याला कळे की हा मुद्दाम सोडतोय. म्हणजे हरायचं, पण घाम गाळून, शेवटच्या बॉलपर्यंत धावून, कपाळावर हात मारून हरायचं. "जितनं कोनालेबी येते, बेबीबाई," फागू सांगे. "हाराले गंज मेहनत लागते." गंज म्हणजे तिकडे पुष्कळ.

त्यासाठी त्याच्याकडे, सगळ्याच मार्करांकडे असत तसे, बॉलचे प्रकार होते. ज्युनियर साहेबाला 'साहेबी बॉल': उजव्या हाताला, कंबरेइतका उंच. मडमांना 'मेमसाहेबी बॉल': तसाच, पण एक टप्पा जास्त पडला तरी फागूला तो दिसत नसे. आणि सगळ्यात अवघड 'कलेक्टर बॉल'. हा जोरात आल्यासारखा वाटायचा. येताना फागू "हुं!" असा आवाजही काढायचा. पण टप्पा पडला की बॉल पोटासमोर येऊन जणू हात जोडून उभा राही, साहेब, आता मारा. मी हट्टानं हे तिन्ही शिकून घेतले. शिकले म्हणजे ओळखायला शिकले. टाकायला कधीच जमले नाहीत.

वर्षातले सगळे दिवस असे हरण्यात जायचे. फक्त एक दिवस सोडून.

नाताळच्या सुमारास बालाघाटच्या क्लबाचे साहेब आमच्या क्लबाशी खेळायला येत. त्यांचे सामने आटोपले की शेवटी दोन्ही क्लबांच्या मार्करांची मॅच. तिथं कोणाला सोडायचं नसे. बालाघाटचा मार्कर होता गफूर. बुटका, गोल, दाढी मेंदीनं रंगवलेली, आणि हात असा की बॉल टप्पा पडल्यावर सापासारखा वळायचा. दहा-बारा वर्षं ही चुरस चाललेली. एका वर्षी हा, एका वर्षी तो.

वर्षभर दोघं एकमेकांना टोमणे पाठवीत. दोघांनाही लिहिता येत नव्हतं, म्हणून टपालाचं काम गोंदिया-बालाघाट छोट्या लाईनीच्या, म्हणजे नॅरोगेजच्या, गाडीचे गार्ड दुबेजी करीत. दुबेजींना ड्यूटीपेक्षा याच कामाची गोडी जास्त.

"फागू, गफूर ने बोला है," ते हिरवी झेंडी काखेत मारून क्लबाच्या फाटकातून ओरडत, "कोर्ट पे गोबर ज़रा कम लगाओ. टेनिस खेलना है, शादी का आंगन नहीं लीपना."

"त्याले सांगजा," फागू तिथूनच उत्तर देई, "बालाघाटच्या गाई कोंड्यावर जगतेत, त्याईचं शेन चिकटत नाही. आन् म्हना पायाले तेल लावून ये, मागच्या साली मालगाडीवानी कुरकुरून राहिला होता!"

"थर्टी-फिप्टीन," असं मग स्वतःशीच.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्याच्या आदल्या साली फागू हरला होता. नाताळात आम्ही एरवी आजोळी जात असू, म्हणून मी त्यांची मॅच तोवर कधी पाहिली नव्हती. त्यातच क्लबाला नवे सेक्रेटरीसाहेब आले, तरुण आणि शिस्तीचे. एका संध्याकाळी बाबांनी जेवताना आईला सांगितलं, "साहेब म्हणतात, मार्कर म्हातारा झाला. या वर्षी हरला तर नवा माणूस आणणार. झोपडीही सोडावी लागेल."

ही बातमी दोन दिवसांत गावभर झाली आणि सगळ्या गावानं फागूला जिंकवायचं मनावर घेतलं. हलवाई रोज पावशेर दूध पाजू लागला. न्हावी म्हणाला, "जितला तं सालभर दाढी माझ्याकडून, हारला तं उलट्या वस्तऱ्यानं." कोणी कच्ची अंडी आणली, कोणी लसणाच्या पाकळ्या, जंगलाकडच्या एका म्हाताऱ्या गोंडानं कसलीशी मुळी. आमच्या आईनं मेथीचे लाडू केले. फागूला कोणाला नाही म्हणता येत नसे. त्यानं सगळं खाल्लं. पुढचे तीन दिवस तो कोर्टावर कमी आणि मागच्या झाडीत जास्त दिसला.

"दम लागून राहिला का रे फागू?" न्हाव्यानं कुंपणाबाहेरून विचारलं.

"दम नाही बाप्पा, तुमची माया लागून राहिली," फागू आतून ओरडला. "फोर्टी-लव झाली, आता तरी थांबा!"

मॅचच्या तीन दिवस आधी सकाळी मी शिकायला गेले होते. दुबेजी फाटकाशी आले, पण ओरडले नाहीत. आत येऊन म्हणाले, "फागू, आज टोमणा नाही आणला. गफूर के साहब ने भी वही कह दिया है. पिछले साल जीता तो क्या, इस साल हारा तो छुट्टी."

फागू चुन्याची रेघ ओढत होता. हात थांबला. "त्याच्या पोरी केवढ्या झाल्या जी?"

"तीन हैं. बड़ी की शादी फागुन में ठहरी है."

फागूनं रेघ पूर्ण केली. वाकडी गेली होती. पुसून पुन्हा ओढली.

"काय सांगू उसको?" दुबेजींनी विचारलं.

"काई नाही," फागू म्हणाला. दहा-बारा वर्षांत पहिल्यांदाच दुबेजी गोंदियाहून रिकाम्या हातानं गेले.

मॅचला सगळं गाव लोटलं. खुर्च्यांवर साहेब-मडमा, कुंपणाबाहेर बाकी सगळे. मी बाबांच्या खुर्चीमागे उभी होते. फागूनं सर्व्हिस केली, गफूरनं परतवली, आणि पुढचा बॉल फागूच्या रॅकेटीवरून "हुं!" असा आवाज करत निघाला.

तो कलेक्टर बॉल होता.

गफूरच्या पोटासमोर तो हात जोडून उभा राहिला. आता गफूर ठोकणार. गफूरनं रॅकेट उगारली, चेहरा भयंकर केला, आणि बॉल मारला तो फागूच्या उजव्या हाताला, कंबरेइतका उंच. लख्ख साहेबी बॉल!

फागूनं चमकून पाहिलं. मग ओठ दातांत धरून आणखी मऊ कलेक्टर बॉल टाकला. गफूरनं त्याहून मऊ परतवला. तीस फटके झाले, चाळीस झाले. दोघं घामानं निथळत, धडपडत, कपाळावर हात मारत होते. "मार्व्हलस!" असं सेक्रेटरीसाहेब खुर्चीवरून उठून ओरडले. बाहेर न्हाव्यानं टोपी हवेत फेकली. शेवटी फागूनं बॉल जाळीत घातला, इंचभर कमी पडल्यासारखा. काय सफाई होती त्यात!

तो गेम फागू हरला. पुढच्या गेमला सर्व्हिस गफूरची, तो गफूर हरला. मग फागू हरला, मग गफूर. दोघांपैकी एकालाही स्वतःची सर्व्हिस जिंकता येईना, आणि दोन गेमनी पुढे गेल्याशिवाय सेट संपत नाही. पाच-पाच झाले, आठ-आठ झाले. हिवाळ्याचा दिवस, सूर्य रेल्वेच्या पाण्याच्या टाकीमागे उतरला. चौदा-चौदाला बॉल दिसेनासा झाला आणि पंचांनी मॅच बरोबरीत सोडवली. पहिलाच सेट, तोही अर्धाच.

असा सामना जन्मात पाहिला नाही, असं साहेब म्हणाले. दोघांना हार घातले. बालाघाटच्या साहेबांनी आणि आमच्या सेक्रेटरींनी हस्तांदोलन केलं आणि आपापला मार्कर किती मोलाचा आहे ते एकमेकांना सांगितलं. कोणीच हरलं नव्हतं, त्यामुळे कोणालाच काढायचं कारण उरलं नाही.

आईनं दोघांसाठी डब्यात पुरणपोळ्या दिल्या होत्या. मी त्या घेऊन झोपडीपाशी गेले, तर आत भांडण चाललेलं.

"कलेक्टर बॉल? मुझे?" गफूर कडाडला. "मैं क्या तेरा कलेक्टर हूँ?"

"आन् तू? मेमसाहेबी टाकून राहिला होता मले! लाज नाही वाटली?"

"दुबे ने बताया था तेरी झोपड़ी जा रही है."

"तुयाबी पोरीचं त्यानंच सांगितलं."

मग दोघांनी एकदमच दुबेजींना एक शिवी दिली. ती मी लिहीत नाही.

मी डबा ठेवला. गफूर खाटेवर बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "साल भर हारता हूँ, फागू. एक दिन मिलता है खेलने को. वो भी गया."

फागूनं पोळीचा तुकडा मोडला आणि तसाच हातात धरून ठेवला. "तुयी गाडी कितीची होय?"

"सुबह साढ़े सात."

"मंग हाय ना येळ," फागू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी कुंपणापाशी पोहोचले, तेव्हा धुकं होतं आणि धुक्यातून टाळ्या वाजल्यासारखा आवाज येत होता. मी आत गेले नाही. मी फागूला दोन वर्षं रोज पाहत होते, आणि त्या सकाळी मला कळलं की मी त्याला खेळताना कधी पाहिलंच नव्हतं. बगळ्याचे ते पाय जमिनीला टेकत नव्हते. गफूरचा बॉल सापासारखा वळायचा आणि फागू तो वळायच्या आधीच तिथं असायचा. दोघं हसत होते, एकमेकांना साला-गाढव म्हणत होते. बॉल बाहेर गेला की दुसरा घ्यायचा आणि पुन्हा सुरू.

बऱ्याच वेळानं माझ्या लक्षात आलं की काहीतरी चुकतंय. फागू स्कोर सांगत नव्हता.

साडेसातच्या गाडीनं त्या दिवशी बऱ्याच उशिरा शिट्टी दिली. दुबेजींना म्हणे झेंडी सापडत नव्हती. गफूर रॅकेट काखेत मारून धावत सुटला, हार गळ्यात तसाच.

मी आत जाऊन विचारलं, "फागू, कोण जिंकलं?"

त्यानं घाम पुसत माझ्याकडे पाहिलं, जणू मी भलतंच काही विचारलं होतं. "मोजलंच नाही, बेबीबाई."

मग त्यानं झाडू घेतला आणि आपली बाजू झाडून लख्ख केली. जाळीपर्यंत आला आणि थांबला. जाळीच्या पलीकडे शेणाच्या हातावर गफूरच्या पावलांचे ठसे उमटले होते, पुढे, मागे, सगळीकडे. फागूनं झाडू झोपडीच्या भिंतीला टेकवून ठेवला.

संध्याकाळी साहेब यायची वेळ झाली, तेव्हा कुठे त्यानं ती बाजू झाडली.