सामाजिक बाकांची चोरी

"पनवेलपासून उरणपर्यंत माझ्या नजरेतून सुटेल असा गुन्हेगार अजून जन्मायचा आहे," कमळाकरकाका म्हणाले. "नजर घारीची, नाक कुत्र्याचं आणि डोकं... डोकं माझंच."

रंजिताने मान डोलावली. वजनमापे खात्यातून निवृत्त झाल्यापासून काका सोसायटीचे स्वयंघोषित गुप्तहेर होते. आजवर त्यांनी शोधून काढलेली एकमेव वस्तू म्हणजे स्वतःचा चष्मा, तोही काकूंनी बोट दाखवल्यावर.

पण आज सोसायटीच्या सेक्रेटरीला, म्हणजे रंजिताला, कोणीही चाललं असतं. हरित प्रमाणपत्राच्या तपासनीस आभा मॅडम पाच वाजता येणार होत्या. सोलर, कचरा, पावसाचं पाणी, सगळ्यांचे गुण पदरात पडले होते. राहिले होते सामाजिक मूल्याचे. त्यासाठीच ओवे गावाकडच्या फाटकाशी बाकं मांडली होती, गावाने आणि सोसायटीने मिळून बसावं म्हणून. ती सकाळपासून गायब! हे गुण गेले तर फाटकाला कायमचं कुलूप, असं चेअरमननी बजावलं होतं. मग गावातल्या बायकांना बसथांब्यासाठी हायवेवरून वळसा. ते फाटक उघडं राहावं म्हणून रंजिता वर्षभर सगळ्यांशी भांडली होती.

काका गुडघ्यांवर बसले. जमिनीवर पिवळी पूड सांडली होती.

"गंधक! बॉम्ब बनवणारी टोळी."

"काका, मला हळद वाटतेय."

"सहाय्यकाने वाटून घ्यायचं नसतं."

पुढच्या अर्ध्या तासात टोळीची जागा कोन गावच्या एका बिल्डरने घेतली, बिल्डरची भंगारवाल्याने, भंगारवाल्याची खुद्द चेअरमननी. शेवटी काकांनी रंजिताकडेच डोळे बारीक करून पाहिलं. "तू सकाळी कुठे होतीस?"

हे सगळं ओरडून चाललं होतं, कारण फाटकापलीकडे बँजो पार्टी दणदणत होती.

"आधी तो बँजो थांबवा!" काका कडाडले. "तर्काची लिंक तुटते."

रंजिता सांगायला गेली आणि मांडवाच्या तोंडाशीच थबकली. ओवे गावातल्या सोनाबाईंच्या नातवाची, कल्पेशची हळद होती. मांडवात सगळी बाकं ओळीने मांडलेली, आणि पहिल्याच बाकावर आभा मॅडम! गालांना हळद, हातात वडे-मटणाची ताटली. रिक्षावाल्याने त्यांना वेळेआधीच गावाच्या बाजूने आणलं होतं, आणि न जेवता मांडव ओलांडू देतील त्या सोनाबाई कसल्या?

रंजिता पुढे झाली. "सोनाबाई, न विचारता बाकं आणलीत?"

"इचारू कशाला गो बाय? परक्याला इचारतान. शेजाऱ्याचं उचलून आनायचं नि त्याला जेवाला बोलवायचं. सगल्यांना सांगितलं व्हतं ना?"

सांगितलं होतं. सोसायटीच्या ग्रुपवर आमंत्रण आलं होतं आणि त्याखाली सगळ्यांनी नुसतेच हात जोडले होते.

आभा मॅडमनी वडा खाली ठेवला. "गाव तुम्हाला शेजारी मानतं, हे दिसलं. तुमची माणसं कुठायत?"

रंजिताच्या मागे एकटे काका उभे होते, आणि तेही मटणाच्या वासाचा माग काढत आलेले. तिने फोन काढला आणि ग्रुपवर लिहिलं, 'बाकं सापडली. जेवण गरम आहे. या.'

थोड्याच वेळात लिफ्टला दम लागला. चेअरमन तरातरा आले ते जाब विचारायला. सोनाबाईंनी दोन्ही हातांनी त्यांच्या गालांना हळद फासली. ते पापण्या मिचकावत बाकावर टेकले आणि वडे मागू लागले. बाकं अपुरी पडली. मॅडमनी सामाजिक मूल्याचे सगळेच्या सगळे गुण देऊन टाकले, तेव्हा रंजिताला इतकं बरं वाटलं की तिला रडूच आलं.

"उद्या लगीन हाय," सोनाबाई म्हणाल्या. "तुमच्या हालातला त्यो मोठा कूलर..."

"थांबा!" काकांनी वड्याचा हात वर केला. "उद्या सकाळी सोसायटीतून एक कूलर नाहीसा होणार!"

काकांच्या कारकिर्दीतला हा पहिलाच तर्क तंतोतंत खरा ठरला. कूलरची एक बाजू त्यांनीच धरली होती.