उपासाची गोळी

नानामामांनी मानवतच्या औषधाच्या दुकानात एकदा रक्तदाबाची गोळी परत केली आणि भगरीत बांधलेली मागितली. दुकानदार हसला, मामा हसले नाहीत. "ह्यात मैदा राहतो. उपासाला कशी चालंल?"

मामा एसटीतून कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेले. सोमवार आणि गुरुवार त्यांचे उपास. त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, तळलेले बटाटे, खारे शेंगदाणे सगळं चाले. गोळी तेवढी चालत नसे. संध्याकाळी उपास सोडल्यावर घ्या म्हटलं, तर सकाळची गोळी म्हणजे सकाळची गाडी. "गेली ती गेली. संध्याकाळी सोडत न्हाईत."

परभणीच्या डॉक्टरांनी विचारलं, गोळी रोज घेता ना? घेतो की, मामा म्हणाले. दाब काही उतरेना, म्हणून डॉक्टरांनी दुसरी गोळी जोडून दिली. मग पहिलीच्या सोबतीने तीही सोमवार-गुरुवार पाळू लागली.

पुढच्या खेपेला मी बरोबर गेलो आणि उपासांचं सांगून टाकलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मी तिसरी लिहायला निघालो होतो," ते म्हणाले. "आधी या दोन रोज पोटात जाऊ द्या, नाहीतर एक दिवस डोक्यातली रक्तवाहिनी फुटेल." मामा खिडकीबाहेर बघत राहिले.

परतीच्या बसमध्ये मी चिडूनच म्हणालो, "उद्यापन करा आणि मोकळे व्हा."

"माझे कुठं हायेत ते," मामा म्हणाले. "तुझ्या मामीचे हायेत. माझं प्रेशर उतरावं म्हणून धरले होते तिनं. ती गेली, मी चालू ठेवले. उद्यापन केलं तर तिचं काय चालू राहतंय घरात?"

पेडगाव मागे पडल्यावर मामाच हळूच म्हणाले, "संध्याकाळी घेऊन बघतो."

पुढच्याच सोमवारी दुपारी मामा गेले. डॉक्टर म्हणाले होते तसेच. जमलेली माणसं म्हणत होती, उपासाच्या दिवशी मरण आलं, पुण्यवान माणूस. दुसऱ्याच्या मरणात पुण्य शोधायला काही पैसे पडत नाहीत.

मी आत गेलो. मामीच्या फोटोखाली पाण्याचा तांब्या भरून ठेवला होता. शेजारी वाटीत दोन गोळ्या, पाकिटातून काढून तयार ठेवलेल्या.

संध्याकाळ व्हायची होती.