मास्तरांनी घेतलेलं इंजिनाचं माप

"त्यात काय एवढं! शिलाई मशीन डोळे मिटून उघडतो मी. इंजिन म्हणजे तिचाच थोरला भाऊ!" असं म्हणत मास्तरांनी बाह्या सरसावल्या आणि जुन्या गाडीचं बॉनेट उघडलं.

शिंपीकामात मास्तरांचा हात धरणारं कोणी नव्हतं. गाडी मात्र त्यांना दाद देत नव्हती. सुरू केली की हीव भरल्यासारखी थडथडायची! एरवी चालवून घेतलं असतं, पण आज चार वाजता बायकोला दवाखान्यातून घरी आणायचं होतं. पोटाचं मोठं ऑपरेशन झालं होतं. मधे एकदा तर मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. शुद्धीवर आल्या आल्या ती म्हणाली, "मला आपल्याच गाडीतून घरी न्या." मास्तरांनी शब्द दिला. पण अशा थडथडत्या गाडीत ताज्या टाक्यांचं काय होणार?

प्लग खराब झाले असणार, हे त्यांचं निदान अगदी बरोबर निघालं. चारही प्लग काजळीनं माखले होते. मास्तर शिस्तीचे. प्लगवरच्या वायरी उपसताना त्यांनी शिवणाच्या खडूनं खुणा केल्या. पहिलीवर एक रेघ, दुसरीवर दोन, अशा. मग प्लग घासायला ते मागच्या दारी गेले.

परत येऊन बघतात तर वायरी लख्ख! आणि ओलं फडकं घेऊन सासूबाई उभ्या.

"आई, खुणा कुठं गेल्या?"

"पुसल्या की! दुकानातले शिवलेले कपडे मीच पुसून देते ना? खडू राहिलेला मला बघवत नाही. म्हटलं, जावईबापू माझ्या लेकीसाठी एवढे राबतायत, तेवढाच आपला हातभार!"

लेकीच्या उशाशी जागून जागून या माउलीचे डोळे खोल गेले होते. तिला काय बोलणार?

"छान केलंत," ते म्हणाले. अंदाजानं वायरी बसवल्या, सासूबाईंना किल्ली फिरवायला बसवलं आणि स्वतः इंजिनावर वाकले.

फाट्ट! असा बार उडाला की समोरचा न्हावी अर्ध्या दाढीच्या गिऱ्हाइकासकट रस्त्यावर आला.

"ही वायर इकडे घाला!" न्हावी म्हणाला.

"छे, तिकडे!" गिऱ्हाईक फेसातून बोललं.

इकडे घातली. फाट्ट! तिकडे घातली. फाट्ट! साडेतीन वाजले.

"माझ्यामुळं झालं का हो?" सासूबाई रडकुंडीला आल्या.

"छे हो! जुनी गाडी, रुसते कधी कधी."

घाम पुसायला मास्तरांनी गळ्यातला पंचा ओढला, तर हातात टेप आली. त्यांनी टेपकडे पाहिलं. मग वायरींकडे पाहिलं. एक आखूड, एक तिच्याहून लांब...

"आई! अहो, या तर बाह्या आहेत! ज्या हाताची त्या हातालाच बसणार!"

भराभर मापं घेतली. सगळ्यांत लांब वायर सगळ्यांत दूरच्या प्लगला, मग तिच्या खालोखालची. किल्ली फिरली आणि इंजिन तेल घातलेल्या मशीनसारखं मऊ चालू लागलं! मास्तरांना भरून आलं. त्यांनी न्हाव्याचे, गिऱ्हाइकाचे, सासूबाईंचे आणि गाडीचे आभार मानले. उत्साहाच्या भरात विजेच्या खांबालाही हात जोडले.

दवाखान्याच्या दारात चाकांच्या खुर्चीवर बायको वाट बघत होती. मास्तरांना पाहताच ती पोट धरून हसत सुटली!

"अहो, यांना हसवायचं नाही! टाके आहेत!" नर्स ओरडली. "आणि तोंडाला ही काजळी कसली फासून आलात?"

मास्तर ओशाळले. पण किती दिवसांनी ते हसू कानावर पडलं होतं! नर्स आणखी चार शब्द बोलली असती, तरी त्यांना गोडच लागले असते.

वाटेत त्यांनी गाडी फुलासारखी चालवली. एक धक्का नाही की एक आचका नाही. कौतुकाची वाट बघून बघून शेवटी त्यांनीच विचारलं, "कसं चाललंय इंजिन?"

"कुठलं इंजिन?" बायको पोटावर हात दाबून म्हणाली. "माझं लक्षच नाही हो तिकडे. पण ऐका ना, टाके दुखले तर दुखू देत. घरी पोचेपर्यंत ते तोंड तेवढं धुऊ नका!"