पायऱ्या वर, कमळ खाली

"नकाशा? आणा इकडं! दगड माझ्यासंगं बोलतो, कागदाची काय मजाल!"

सांडू गवंड्यानं छातीवर थाप मारली. पंचक्रोशीतले सगळे हौद त्याच्याच हातचे!

पण हे काम साधं नव्हतं. धनगरवाड्यावरच्या म्हाळसाबाईचा एकुलता एक बिरू पासष्टच्या लढाईत कामी आला होता. फर्दापूरच्या अलीकडच्या त्यांच्या गावात आता त्याचं स्मारक होणार होतं. निजामाला हटवणाऱ्या पोलीस ॲक्शननंतरचं गावातलं पहिलं सरकारी काम! म्हातारी रोज येऊन एकच विचारायची, "सांडूभाऊ, लेकाचं नाव लागंल ना रं?"

"लागंल माय! लई ब्येस लागंल!"

शहरातून इंजिनीअर साहेबांचा नकाशा आला. अक्षरं सगळी इंग्रजी. सरपंच नानासाहेब निजामाच्या शाळेत उर्दू शिकलेले, इंग्रजी त्यांना कुठूनही धरली तरी सारखीच. त्यांनी कागद फिरवला, पुन्हा फिरवला आणि ऐटीत सांडूच्या हातात दिला.

सांडू चक्रावला. खाली दगडी कमळ, त्यावर खांब, आणि पार वर तीन पायऱ्या, एकीपेक्षा एक रुंद!

"नानासाहेब, पायऱ्या वर कशापायी?"

नानासाहेब क्षणभरच अडखळले. "येड्या, जवान सर्गात गेला ना? मग पायऱ्या वरच लागणार!"

"व्हय की! शेरातलं डोकं लई भारी!"

महिनाभर सांडूला जेवणाखाण्याची शुद्ध नव्हती. वरच्या लाद्या चढवताना तर अर्धं गाव दोराला लोंबकळलं! शेवटी नावाची पाटी बसली, वर पांढरं कापड चढलं. अनावरणाला हलगी कडाडली, शहरातून आलेल्या इंजिनीअर साहेबांनी दोरी ओढली आणि किंकाळीच फोडली.

"अरे, उलटं! अख्खं स्मारक उलटं बांधलंय! पाडा! आत्ताच्या आत्ता पाडा!"

सांडूनं वळून नानासाहेबांकडं पाहिलं. नानासाहेब अचानक फेट्याचं टोक शोधू लागले.

ऊन नुसतं पेटलं होतं. त्या माळावर सावली काय ती वरच्या पायऱ्यांची, आणि त्या सावलीत म्हाळसाबाई कधीच जाऊन बसली होती. सांडूनं दाखवलेल्या नावावरून तिचा हात फिरत होता.

"सायेब," म्हातारीनं विचारलं, "तुमच्या कागदात बिरूचं नाव कुठं व्हतं?"

"वर, कमळापाशी. चांगलं बारा फुटांवर!"

"तिथवर माझा हात कसा पुरला असता, बाबा?"

साहेब हॅट काढून तिच्या शेजारी सावलीत आले. नकाशा उलटा धरून बराच वेळ बघत राहिले आणि कोपऱ्यात लिहिलं, 'काम नकाशाप्रमाणे.' सांडूला रडूच फुटलं.

जाताना साहेबांनी त्याला नव्या शाळेचा नकाशा दिला. या खेपेला कागदाच्या एका कडेला त्यांनी स्वतः ठळक सूर्य काढला होता.

"सांडू, सूर्य ज्या बाजूला, ती वरची बाजू. कळलं?"

"कळलं सायेब!" सांडूनं पुन्हा छातीवर थाप मारली. "फकस्त येवढं सांगा, उगवता हाये का मावळता?"