गुरुजी बसलेत

यशवंत आठल्ये काठीनं वॉशिंग मशीन चालू करतो. काठी म्हणजे टेकत चालायची नव्हे, सोवळ्याची काठी. ज्यांच्या घरात ती कधी नव्हती त्यांच्यासाठी सांगतो. धुतलेलं सोवळं कुणाचा हात लागू न देता उंच दांडीवर वाळत घालायचं असतं, आणि तेवढ्यासाठी पूर्वी घरोघर एक लांब काठी असे. आठल्येची काठी खराडीत, बाराव्या मजल्यावर, ड्राय बाल्कनीत उभी असते. तिच्या शेजारी प्लॅस्टिकचं एक छोटं मशीन आहे. बादलीपेक्षा थोडंसंच मोठं, वर निळं झाकण, आत कपडे पिळणारी जाळीची टोपली. आठल्ये उघड्या अंगानं, ओला पंचा नेसून, दोन हात लांब उभा राहतो, काठीच्या टोकानं भिंतीवरचं बटण दाबतो, आणि मशीन घरघरायला लागलं की सगळ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात सांगतो, "गुरुजी बसलेत. कुणी शिवू नका!"

मशीनला तो गुरुजी म्हणतो. का, तर दोघंही बसल्या जागी हलतात, दोघांचं पुटपुटणं कुणाला कळत नाही आणि उठेपर्यंत यजमानाचं पाणी काढतात.

आता एवढ्यावरून कुणाला वाटेल, असतात बुवा काही जुनी माणसं कर्मठ. पण मी ह्या माणसाच्या शेजारच्या टेबलावर उभी नोकरी काढली आहे. आम्ही दोघं एका सरकारी कचेरीत नकाशे काढायचो, हातानं, शाईनं, मोठमोठ्या कागदांवर. मग संगणक आले, एक मुलगा आमच्या सगळ्या खात्याचं काम एका खुर्चीत बसून करायला लागला आणि आम्हाला निरोपाचा नारळ मिळाला. आठल्येनं तो हातात घेतला नाही. "देवाला वाहा," म्हणाला आणि माझ्याकडे बोट दाखवलं. माझं आडनाव देव. नव्या माणसाला माझी ओळख करून देताना तो नेहमी सांगायचा, "मला दिसलेला हा एकमेव देव. आणि ह्यालाही साधा रजेचा अर्ज धड लिहिता येत नाही."

असा तो नास्तिक. साधासुधा नव्हे, खुनशी नास्तिक. कचेरीत कुणी अनुभव सांगायला लागलं की हा पेन्सिलीला टोक काढता काढता एकच शब्द म्हणायचा, "पुरावा?" सत्यनारायणाला शिरा मागून मागून खायचा, पण नमस्कार करायचा नाही. "माझी श्रद्धा शिऱ्यावर आहे, तो समोर दिसतो," म्हणायचा. लग्न नोंदणी पद्धतीनं केलं. कुमुदवहिनींचे वडील कडक सोवळ्यातले. पहिल्यांदा सासरी जेवायला गेला तेव्हा ह्यानं हात धुतले आणि दांडीवर वाळत असलेल्या सासऱ्यांच्या सोवळ्याला पुसले. त्यानंतर दोन्ही घरांत बरीच वर्षं बोलणं नव्हतं. वहिनींना मात्र ती गोष्ट फार आवडायची. घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगायच्या आणि शेवट यायच्या आतच स्वतः हसून हसून डोळे पुसायच्या.

पुढे वहिनी विसरायला लागल्या. दूध उतू जायचं, गॅस चालू राहायचा, जिना उतरला की परतीचा मजला आठवायचा नाही. मग निखिल, म्हणजे त्यांचा मुलगा, दोघांना सहकारनगरच्या बिऱ्हाडातून खराडीला घेऊन गेला. निखिल आणि सून केतकी दोघंही तिथल्याच कुठल्याशा काचेच्या इमारतीत कामाला. सकाळी जातात ते दिवेलागणीनंतर येतात.

मी एका रविवारी पहिल्यांदा भेटायला गेलो, तर दार ह्यानं उघडलं. पंचा, ओलं अंग, हातात काठी. मी आपला नेहमीसारखा पाठीवर थाप मारायला पुढे झालो, तर हा चटकन मागे सरकला.

"लांब रे देवा. सोवळ्यात आहे."

मला वाटलं, नवीन नक्कल आहे. मी हसलो. हा हसला नाही. चहा केतकीनं दिला. मी वहिनींना भेटायला आत जायला निघालो तर ह्यानं काठी आडवी धरली. "खोलीत नको. खोलीही सोवळ्यात असते. तिला बाहेर आणतो." कामवालीला त्या खोलीत मज्जाव, सुनेला मज्जाव. स्वतःचे, बायकोचे कपडे, चादरी, सगळं हा स्वतः त्या बादलीएवढ्या मशीनमध्ये धुणार, पिळणार आणि तिथंच बाल्कनीत आतल्या बाजूला वाळवणार. घरात केतकीचं भलंमोठं मशीन होतं, त्याला हा बोटही लावत नव्हता.

मी चहा अर्धा ठेवून उठलो. राग आला होता, आणि रागापेक्षा शिसारी. आमच्या कंपूतला एक जण निवृत्तीनंतर सत्संगाला लागला होता, दुसरा बोटांत खडे घालून हिंडत होता. म्हटलं, गेला, हाही गेला. आयुष्यभर लोकांकडे पुरावे मागायचे आणि हाडं कुरकुरायला लागली की पंचा नेसायचा. लिफ्टपर्यंत तो पोचवायला आला नाही. ओल्यानं बाहेर येता येत नाही म्हणे.

त्याच्या सोसायटीत मात्र त्याची चलती झाली. त्या इमारतीत राहणारी पोरं दिवसभर संगणकासमोर, आठवड्याला नवा फोन, पण सोवळं नेसलेला म्हातारा दिसला की विरघळतात. त्यांच्या मोबाइलवरच्या ग्रुपात ह्याचा काठीसकट फोटो फिरला, खाली लिहिलेलं, ‘हे आपले संस्कार.’ नागपूर-यवतमाळकडची मुलं लिफ्टमध्ये त्याच्या पाया पडायची. "काका, रिस्पेक्ट!" म्हणायची. गणपतीत भटजी वाहतुकीत अडकले, तर प्रतिष्ठापनेला आठल्येला बसवलं. निखिलनं मोठ्या कौतुकानं मला त्याचं चित्रीकरण पाठवलं. स्पीकरच्या गोंगाटात शब्द ऐकू येत नव्हते, पण आठल्येचे ओठ भराभरा हलत होते आणि पोरं हात जोडून उभी होती. मी ते तिथंच पुसून टाकलं. त्यानंतर त्याचा फोन आला तरी मी घेत नव्हतो.

तरी एके दिवशी घेतला. "देवा," तो म्हणाला, "गुरुजी बसत नाहीत. घेऊन बुधवार पेठेत जायचंय, एकट्याला उचलवत नाही."

"मंत्र म्हण की," मी म्हणालो. "बसतील."

"ये रे," तो म्हणाला. त्याचा आवाज मला आवडला नाही, म्हणून गेलो.

रिक्षात मशीन दोघांच्या मध्ये. सबंध रस्ता मी त्याला टोचत होतो. "आता हे रिक्षावाल्यानं शिवलं, ह्याला काय गोमूत्र पाजणार का?" तो बाहेर बघत होता. एकदाच म्हणाला, "संध्याकाळच्या आत होईल ना रे?" मी म्हटलं, एक दिवस पंचा वाळला नाही तर देव काही उपाशी मरत नाही. त्यावरही गप्प. आठल्ये आणि गप्प, हे मी पूर्वी पाहिलेलं नव्हतं.

तपकीर गल्लीत सलीमभाईंच्या दुकानातूनच त्यानं ते घेतलेलं. सलीमभाईंनी मशीन फळीवर उलटं केलं, खालची पट्टी काढली, हात घातला आणि टोपलीच्या दांड्याला गुंडाळलेली एक पट्टी ओढून काढली. लालसर, जाड रबराची, कडेला फाटलेली. बाळाच्या अंथरुणावर घालतात त्या रबरी कापडाची.

"काका, घरात लहान बाळ आहे का?" सलीमभाई म्हणाले. "रबर ह्यात नका टाकू. वरचं कापड टाका, रबर हातानं पुसा."

निखिलला मूल नाही. मी तसं सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात आठल्ये म्हणाला, "आहे. लहान आहे."

त्यानं ती पट्टी सलीमभाईंच्या हातातून घेतली, नीट घडी केली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली. मला कळायला जेवढा वेळ लागला तेवढा लागला. मग मी उलट्या मशीनच्या उघड्या बुडाकडे बघत राहिलो, कारण त्याच्याकडे बघायची हिंमत नव्हती.

मशीन होईपर्यंत आम्ही कोपऱ्यावर चहा घेतला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"खराडीला आलो तेव्हापासूनच. रोज नाही. पण बहुतेक रोज." त्यानं बशीत चहा ओतला. "निखिल आल्या आल्या म्हणाला होता, विसरते तोवर आपण सांभाळू बाबा. अंथरूण ओलं व्हायला लागलं की मात्र घरी जमणार नाही. दोघं जाऊन जागाही बघून आलेत. मांजरी गावाच्या पुढं. स्वच्छ आहे, नर्सा आहेत. खिडकीतून ऊस दिसतो." त्यानं बशीवर फुंकर मारली. "केतकी म्हणाली, आईंना ऊस बघून बरं वाटेल."

"आणि मोठं मशीन?"

"ते चहाडखोर आहे. कपडे टाकले, कपडे झाले, सगळं तिच्या मोबाइलवर कळवतं. भर दुपारी चादर कशाला धुतली, विचारेल ना ती? आणि नुसती हातानं पिळून घातली तर ती दोघं येईपर्यंत वाळत नाही. बाहेर उन्हात घातली तर समोरच्या इमारतीतनं रोज दिसते."

"पण सोवळं रे! तू आणि सोवळं!"

"मग काय सांगायचं? हात लावू नका म्हटलं की माणसं हात लावतात. का म्हणून विचारतात. सोवळं म्हटलं की कुणी काही विचारत नाही. एवढी एकच गोष्ट सापडली मला, देवा, जिला कुणी पुरावा मागत नाही." मग त्याचे डोळे जरासे जुन्यासारखे झाले. "गणपतीला काय म्हटलं माहितीये? औटकी. अख्खी. मंत्र येतो कुठला मला, साडेतिनाचा पाढा तेवढा शाळेत पाठ झालेला. पोरं हात जोडून उभी."

मला हसू आलं आणि त्याच दमात असं वाटलं की उठून खराडीतल्या त्या सगळ्या काचा फोडाव्यात. फोडून काय होणार होतं? मुलगा दुष्ट नाही. दिवसभर काम करतो, आईसाठी चांगली जागा शोधतो, तिथं ऊस आहे की नाही तेही बघून येतो. कुणाचा म्हणून राग धरावा तर जो तो समंजस. मीच काय तो चहा अर्धा टाकून निघून आलेला.

परत आलो. केतकी त्या दिवशी घरूनच काम करत होती. कानावरचं ते फोनचं यंत्र एका बाजूला सरकवून ती बाहेर आली. मशीन मी धरलेलं बघून तिला धीर आला असावा.

"देवकाका, तुम्ही तरी बाबांना समजावा ना. ह्या वयात रोज हे धुणं, पिळणं. माझ्या मशीनमध्ये सगळं टाकता येईल, आईंच्या चादरीबिदरी मीच टाकत जाईन. कालच मी निखिलला म्हटलं, ह्या वीकेंडला त्यांची खोली एकदा पूर्ण साफ करून घेऊ." मग जरा हळू आवाजात, "तुम्ही इतकी वर्षं ओळखता. बाबा आधी असे नव्हते ना?"

आठल्ये दाराशी उभा होता. त्यानं माझ्याकडे बघितलं. मांजरीच्या पुढची ती खिडकी माझ्या एका वाक्यावर टांगलेली होती, हे त्याला कळत होतं आणि मलाही.

"आधीपासून असाच," मी म्हणालो. "कचेरीत लाजून लपवायचा, एवढंच. डब्यावरसुद्धा कुणाची सावली पडू द्यायचा नाही. आणि हे बघ केतकी, मी तुला वडीलकीच्या नात्यानं सांगतो. सोवळ्यातल्या खोलीला भलत्याचा हात लागला की घराला चांगलं नसतं. मी पाहिलंय."

"असं?" ती म्हणाली.

दिवसभर संगणकाला खोदून खोदून कारणं विचारणारी मुलगी, पण तिनं पुरावा मागितला नाही. "बरं, मग राहू दे," म्हणाली, यंत्र कानावर चढवलं आणि आपल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

"माझ्या जन्माचं वाटोळं केलंस, देवा," आठल्ये हलक्या आवाजात म्हणाला, आणि पंचा नेसायला गेला.

मशीन आम्ही जागेवर ठेवलं. त्यानं आतून सकाळची चादर आणली, टोपलीत कोंबली, झाकण लावलं. काठीनं बटण दाबलं. "गुरुजी बसलेत!" तो ओरडला. "कुणी शिवू नका!" घरघर ऐकून वहिनी बाहेर आल्या. अंगावर स्वच्छ पातळ, वेणी वाकडीतिकडी घातलेली, पण घट्ट. मला ओळखलं नाही. आठल्येकडे, त्याच्या उघड्या अंगाकडे, हातातल्या काठीकडे त्यांनी बराच वेळ बघितलं.

"अहो गुरुजी," परक्या माणसाशी बोलतात तसं त्या त्याला म्हणाल्या, "तुमचं झालं की निघा हं. राग मानू नका. आमच्या ह्यांना हे सोवळंबिवळं अजिबात खपत नाही. माझ्या वडिलांच्या सोवळ्याला त्यांनी सरळ ओले हात पुसले होते!" आणि त्या हसायला लागल्या, अगदी तशाच, डोळे पुसत. "ते येतीलच एवढ्यात. त्यांनी तुम्हाला बघायच्या आत जा."

"जातो हं," आठल्ये म्हणाला. "एवढी चादर पिळून होऊ दे."